तक्रार, तकरीर आणि करार

‘राजीनामा’ म्हटले की आज आपल्याला नोकरी सोडणे आठवते. मराठीत तोच अर्थ आणि इथे वडोदऱ्यात शेजारच्या गुजरातीतही तोच. पण शिवकाळातल्या किंवा पेशवाईतल्या एखाद्या कुणब्याला विचारले असते, तर त्याने वेगळेच उत्तर दिले असते. त्याच्या दृष्टीने राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. दोन भांडणारी माणसे पंचांपुढे आली की पंच आधी दोघांकडून लिहून घेत : “तुम्ही जो निवाडा कराल तो आम्हांस मान्य, आम्ही त्यास राजी आहो.” हा कागद झाल्याशिवाय भांडणाची सुनावणीच होत नसे. म्हणजे राजीनामा देणारा उठून जात नव्हता, तो बसत होता. पुढे महसुलाच्या कामात जमीन सोडणाऱ्याने राजीनामा आणि घेणाऱ्याने कबुलायत द्यायची, अशी जोडी रूढ झाली. त्या वाटेने शब्दाला सोडून देण्याचा अर्थ चिकटला आणि मूळचा अर्थ मागे पडला.

आमच्या खात्यात जुन्या कागदांशी रोजचा संबंध, त्यामुळे असे शब्द डोक्यात बसतात. त्यांतले तीन मला विशेष वाटतात, म्हणून ते या लेखाच्या मथळ्यावर घातले आहेत.

‘तक्रार’ हा मूळ अरबी शब्द आणि त्याचा मूळ अर्थ आहे पुनरुक्ती. तेच ते पुन्हा पुन्हा बोलणे. ‘तकरीर’ दिसायला त्याचा भाऊ वाटतो, पण त्याचे मूळ निराळे. तकरीर म्हणजे नीट मांडून केलेले निवेदन, पक्के करून सांगितलेली हकिगत. आणि ‘करार’ हा शब्द तकरीर ज्या धातूपासून निघाला त्याच धातूपासून निघालेला आहे. स्थिर होणे, ठरणे हा त्याचा अर्थ. आपल्या पूर्वजांनी फारसी-अरबीतून हे शब्द घेतले तेव्हा त्यांनी काही व्याकरणाचा विचार केला नसणार. पण गावातले भांडण मिटवण्याची त्यांची जी रीत होती, ती मात्र नेमकी याच वाटेने जाणारी होती. घरी, ओट्यावर, विहिरीवर चालते ती तक्रार. पंचांपुढे द्यायची ती तकरीर. ती दिल्याशिवाय कराराकडे जाता येत नसे.

ही रीत काय होती ते थोडे सविस्तर सांगतो, कारण शाळेच्या इतिहासात लढाया येतात, हे येत नाही. न्याय म्हटला की आपल्यापुढे रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. १९४४ सालच्या प्रभातच्या चित्रपटाने तर ते घरोघरी पोचवले. राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश ही मोठीच गोष्ट, तिचे मोल कमी करायचे नाही. पण बांध, पाणी, घराची भिंत, वतनाची वाटणी, उधारी असल्या शेकडो भांडणांतून फारच थोडी पुण्यापर्यंत जात. बाकीची गावात, फार तर परगण्याच्या ठिकाणी मिटत. मिटवणारे लोक शास्त्री नव्हते. त्यांतल्या बहुतेकांना लिहितासुद्धा येत नव्हते.

तक्रार पाटलाकडे आली की पाटील समोरच्याला बोलावून घेई. समोरच्याने देणे कबूल केले तर थोडे समजावून, थोडा दाब देऊन पैसे मिळवून द्यायचे किंवा हप्ते बांधून द्यायचे. त्याने नाकबूल केले तर गावातली चार माणसे बोलावून पंचायत बसवायची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. पंच नेमताना ते पक्षकारांच्याच बरोबरीचे असावेत असे पाहत, हेही त्याने लिहिले आहे. सावकाराच्या भांडणात व्यापारी, शेतकऱ्याच्या भांडणात शेतकरी. यामागचे कारण साधे आहे. बांध कोरला म्हणजे काय झाले हे समजावून सांगावे लागत नाही अशा माणसापुढे बोलायला जीभ अडखळत नाही.

वतनाचे किंवा मानाचे भांडण असले तर गोतसभा भरे. गोत म्हणजे नुसते भाऊबंद नव्हेत. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांचे पाटील, परगण्याचे देशमुख-देशपांडे असे सगळे मिळून गोत. देवळात किंवा चावडीवर बैठक. कागदाच्या सुरुवातीला ‘हाजीर मजालस’ म्हणून उपस्थितांची यादी लिहीत. या कागदालाच महजर म्हणत आणि तो शब्द ‘हाजीर’च्याच कुळातला. कागदाचे नावच मुळी ‘जे समोर होते त्यांचा लेख’ असे आहे. ज्यांना सही येत नसे ते खाली आपापल्या धंद्याची निशाणी काढत. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, अशी ज्याचे त्याचे हत्यार. एकदा नांगर काढला की मग “मला ठाऊक नव्हते” म्हणायची सोय उरत नसे.

आता मुख्य भाग. दोन पक्षांना अग्रवादी आणि पश्चिमवादी म्हणत, म्हणजे आधी बोलणारा आणि मागून बोलणारा. फिर्यादी आणि आरोपी यांपेक्षा हे शब्द मला जास्त सभ्य वाटतात. त्यांत कुणी चोर नाही, कुणी साव नाही. फक्त क्रम आहे. प्रत्येकाने आपली हकिगत आपल्या तोंडाने सांगायची आणि ती लिहून घेतली जायची, ती तकरीर. ती समोरच्याच्या देखत वाचली जाई आणि मग त्याने आपली द्यायची. आजच्यासारखा मधे वकील नसे. ज्याच्याशी वाकडे त्याच्याच समोर बसून, गाव ऐकत असताना सगळे पहिल्यापासून सांगायचे. तसे सांगायला लागले की अर्धी भांडणे ओबडधोबड राहत नाहीत. घरात बायकोपुढे “त्याने माझे सगळे लुबाडले” म्हणणाऱ्याला पंचांपुढे किती बिघे, कोणत्या साली, कुणाच्या देखत हे सांगावे लागते. तिथे तक्रारीची तकरीर होते.

यानंतर गोही, म्हणजे साक्षीदार. त्यांना देवळात नेऊन शपथ घालून विचारत. दोन्ही बाजूंकडून जामीन घेत. एक हजर राहण्याबद्दल आणि एक निकालाप्रमाणे वागण्याबद्दल. या दुसऱ्याला वर्तनजामीन म्हणत. जामीन राहणारा सोयरा किंवा शेजारी असे. निकाल मोडला तर तोंडघशी पडणार तो, म्हणून समजूत घालायचे काम पंचांइतकेच तोही करी. आपल्या गावच्या गोताबद्दल खात्री नसेल तर पक्षकाराला परस्थळ मागता येई, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेकडे भांडण नेता येई. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या १९५३ सालच्या इंग्रजी ग्रंथात या सगळ्या पायऱ्या कागदपत्रांवरून मांडल्या आहेत. जिज्ञासूंनी तो ग्रंथ अवश्य पाहावा.

शेवटचा कागद सगळ्यांत महत्त्वाचा. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे हे ओघाने आलेच. पण हरलेल्यानेही एक कागद लिहून द्यायचा असे, त्याला येजितखत म्हणत. “मी अमुक वाद सांगितला, तो खोटा झाला, आजपासून मजला व माझ्या लेकराबाळांला या गोष्टीशी संबंध नाही,” अशा आशयाचा मजकूर हरलेल्याने स्वतः जिंकलेल्याच्या हाती द्यायचा. आजच्या कोर्टात हरणारा माणूस निकालाची नक्कल घेऊन वकिलाकडे जातो आणि अपील करतो. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला हे पटले का. येजितखत लिहिणाऱ्याला तो प्रश्न विचारला गेलेला असे. दुसऱ्या दिवशी दोघांना एकाच पाणवठ्यावर जायचे होते आणि होळीला एकाच होळीभोवती उभे राहायचे होते.

होळीवरून आठवले. त्या काळच्या कागदांत मानपानाची भांडणे फार. होळीत पहिली पोळी कुणाची, पोळ्याला पहिला बैल कुणाचा, दसऱ्याला आपट्याची पूजा आधी कुणी करायची. थोरल्या पाटलाने की धाकट्या पाटलाने? यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत. आपल्याला हसू येते, पण पहिल्या दिवशीच्या आरतीचे तबक कुणाच्या हाती द्यायचे यावरून आपल्या मंडळांच्या बैठका किती वाजेपर्यंत चालतात हे वाचकांना मी सांगायला नको. तेव्हा निदान निकाल महजरावर उतरत होता. आपल्याकडे इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढेच उतरते.

ही रीत म्हणजे रामराज्य होते असे मात्र मुळीच समजू नये. पंचांना पगार नसे, त्यामुळे ते येण्याची टाळाटाळ करत, कामे लांबत. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दोन्हीकडून पैसा. गोतात सगळे हजर असले तरी सगळ्यांचा शब्द सारख्या वजनाचा नव्हता. ज्याची सावली चालत नव्हती त्याची निशाणी कागदावर लागली म्हणून त्याचे म्हणणे मनापासून ऐकले गेले असेल, असे मानायला माझे मन धजत नाही. राज्य बदलले, अधिकारी बदलला की मिटलेला वाद उकरून काढणारेही होते.

बोलणे संपल्यावर काय होई, तेही पाहण्यासारखे आहे. साक्षीपुरावा दोन्हीकडे सारखाच पडला की दिव्य करायला लावत. तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, ते रवादिव्य. आधी हातावरचे जुने डाग लिहून ठेवायचे, नखे काढायची, हात धुवायचा आणि दिव्य झाल्यावर पिशवी घालून तिच्यावर मोहर करायची. तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष पिशवी सोडून हात पाहायचा. किती पद्धतशीर क्रूरपणा! पेशवाईत हे प्रमाण बरेच घटले, ही समाधानाची बाब.

दुसरा प्रकार तगाद्याचा. एल्फिन्स्टनने त्याचे जे वर्णन केले आहे त्यात नुसत्या आर्जवापासून सुरुवात होते आणि दारावर माणूस बसवणे, जेवू न देणे, बांधून ठेवणे, डोक्यावर दगड देऊन भर उन्हात एका पायावर उभे करणे इथपर्यंत मजल जाते. धरणे हा त्यातलाच एक प्रकार. धरणे धरणारा स्वतः उपाशी बसे, म्हणून घरातल्यालाही लाजेकाजेने उपाशी राहावे लागे. पगार थकलेले शिपाई आपल्याच सरदाराच्या दारात असे बसत. शब्द संपले की भूक बोलू लागते, एवढाच याचा अर्थ.

आता आपल्या वडोदऱ्याचे उदाहरण, कारण जामीनकीची गोष्ट इथे फार वेगळ्या वळणाने गेली. गायकवाडांच्या दरबारी अरब शिबंदी होती. सावकाराने दरबारला कर्ज दिले किंवा एखाद्याला दरबाराकडून अभय मिळाले, तर अरब जमादार त्याला हमी राहत. या हमीला बहांदरी म्हणत. गुजरातीत आपण आजही ‘बांहेधरी’ म्हणतो तोच हा शब्द. १८०२-०३ च्या सुमारास इंग्रजांनी अरबांना शहरातून काढले आणि त्यांच्या हमीच्या जागी कंपनीची हमी आली. वरवर पाहता व्यवस्था सुधारली. पण गावातला वर्तनजामीन आणि ही बहांदरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावचा जामीन दोघांचा शेजारी होता आणि दोघांना बोलते ठेवण्यातच त्याचा लाभ होता. बाहेरचा बलवान हमीदार मिळाल्यावर सावकाराला महाराजांशी बोलायची गरज उरली नाही आणि कारभाऱ्यालाही नाही. जो तो रेसिडेन्सीकडे जाऊ लागला. दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीचा मोठा भाग याच कटकटीत गेला. घरातले भांडण बाहेरच्याच्या जोरावर जिंकायचे ठरवले की घराची किल्ली त्याच्याकडे जाते, हे वडोदरा दरबाराने फार महागात शिकून घेतले.

देशावर काय झाले? १८१८ नंतर एल्फिन्स्टनची इच्छा पंचायत टिकवण्याची होती. त्याने तसे हुकूमही दिले. पण शेजारी कोर्ट उघडल्यावर पंचायत मागे पडत गेली. १८२७ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात कोर्टांची घडी बसली. कोर्टाचे फायदे होतेच. जातीचा दाब कमी झाला, दगड डोक्यावर घेऊन उन्हात उभे राहणे बंद झाले. मात्र सावकार-शेतकरी व्यवहारात एक गोष्ट तुटली. आधी सावकाराला कुळाच्या गावातच राहून वसुली करायची असे, म्हणून तो सांभाळून घेई. आता त्याला तालुक्याला जाऊन दावा लावता येऊ लागला. शेतकरी हजर राहत नसे. समन्स कळत नसे, कळले तर भीती वाटे. आणि हुकूमनामा एकतर्फी होई. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत आखडली. ते खरे शेतकऱ्याच्या भल्यासाठी, पण झाले असे की दर तीन वर्षांनी सावकार व्याजासकट नवा रोखा लिहून घेऊ लागला. शेतकरी अंगठा उठवत गेला. तकरीर कुणी घेतलीच नाही.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. तो इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून प्रसिद्ध आहे. जमावाने माणसे मारण्यापेक्षा कागद मागितले. रोखे, हुकूमनामे, वह्या. ते मिळाले की जाळून टाकले. चौकशीला नेमलेल्या कमिशनला एकतर्फी हुकूमनाम्यांचे प्रमाण फार मोठे दिसले. मला या प्रसंगात नेहमी हेच जाणवते की त्या लोकांनी राग काढला तो ज्या कागदांत त्यांचा एकही शब्द नव्हता त्यांच्यावर. नांगराची निशाणी असलेला महजर कुणी जाळला नसता.

सरकारला ते काही अंशी उमगले असावे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी सलोखा करणारे लोक नेमण्याची तरतूद आली. त्यांच्या दाखल्यावाचून शेतकऱ्यावरचा दावा कोर्टात घेतला जात नसे. त्याच सुमारास पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी, सार्वजनिक काका जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने, लवाद कोर्टाचा प्रयोग केला. सरकारी सलोख्याची ती तरतूद पुढे वेळकाढू ठरून बंद झाली. दाखला मिळवण्यापुरते समोरासमोर बसवले तर माणसे दाखला घेऊन उठतात, सलोखा करत नाहीत.

माझ्या टेबलावर वारसाच्या नोंदी येतात, म्हणून हे सारे मला निव्वळ इतिहास वाटत नाही. आपल्या समाजातले जुने वाडे (रावपुरा, दांडिया बाजार, वाडी) चार-पाच पिढ्यांचे आहेत. पणजोबांच्या नावावर वाडा, खाली चौदा वारस. त्यांतले काही पुण्याला, काही अमेरिकेत. एका प्रकरणात दोन चुलत भाऊ एकाच जिन्याने चढउतार करत असून हरकत-अर्जाशिवाय एकमेकांशी बोललेले नव्हते. दोघांचे अर्ज वाचले. पहिल्या पानावर जिन्याखालच्या खोलीचा हक्क, आणि चौथ्या पानावर, जिथे अधिकारी सहसा पोचत नाही, काकूंच्या तेराव्याला निरोप न दिल्याचा उल्लेख. खोली आठ बाय सहाची. अर्जाच्या नमुन्यात चौथ्या पानावरच्या गोष्टीला रकानाच नाही. अग्रवादीला पंचांनी “पहिल्यापासून सांग” म्हटले असते, तर बहुधा तो चौथ्या पानापासूनच सुरू झाला असता.

या बाबतीत आपल्या जवळच घडलेली एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. १९४९ च्या सुमारास हरिवल्लभ परीख या गांधीवादी कार्यकर्त्याने तेव्हाच्या वडोदरा जिल्ह्यातल्या (आता छोटा उदेपूर) रंगपूर येथे आनंद निकेतन आश्रम काढला. आसपासच्या आदिवासी वस्तीतले तंटे तिथे उघड्यावर, सगळ्यांदेखत ऐकले जाऊ लागले. नवरा-बायकोचे, जमिनीचे, मारामारीचे. दोन्ही बाजू बोलायच्या, जमलेले लोकही बोलायचे, मग दोन्हीकडून पंच निवडून त्यांनी सुचवायचे. उपेंद्र बक्षी या नामवंत कायदेपंडितांनी त्याचा अभ्यास करून १९७६ साली जो निबंध लिहिला, त्याच्या मथळ्यातच ‘तकरार’पासून ‘करार’पर्यंतचा प्रवास आहे. मी तो मथळा प्रथम वाचला तेव्हा गोतसभेचे कागद डोळ्यांपुढे आले. रंगपूरच्या आदिवासींनी महजर कधी पाहिला नसेल, पण बैठक तीच होती.

त्यानंतर १४ मार्च १९८२ रोजी सौराष्ट्रात, तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या उना येथे पहिली लोक अदालत भरली. १९८७ च्या कायद्याने तिला अधिकृत रूप दिले आणि तो कायदा नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. लोक अदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट-फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. आपल्यातल्या बऱ्याच मंडळींना ही फी परत मिळते हेसुद्धा माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिले. मात्र एका दिवशी हजारो प्रकरणे निकालात काढली जातात तेव्हा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला किती वेळ मिळत असेल, हा प्रश्न मनात येतो. वीजबिलाच्या आणि चेकच्या प्रकरणांना तेवढा वेळ पुरतो. जिन्याखालच्या खोलीला पुरत नाही.

जाता जाता आणखी एक शब्द. कोर्टाचे काम पडलेल्यांनी ‘पुरसीस’ हा शब्द ऐकला असेल. पक्षकाराने आपले म्हणणे कोर्टाला कळवण्यासाठी दिलेला छोटा कागद. तो महाराष्ट्र-गुजरातच्या कोर्टांत टिकून राहिला आहे. मूळ फारसीत त्याचा अर्थ विचारणे, विचारपूस. दोन्ही पक्षांचे जमले की वकील जो कागद दाखल करतात त्याला इथे ‘समाधान पुरसीस’ म्हणतात. त्यावर वकिलांखेरीज दोन्ही पक्षकारांच्या स्वतःच्या सह्या घेतात, आणि सही करताना ते दोघे बहुतेक वेळा एकाच टेबलाशी, एकाच पेनने सही करतात.